अकरा महिन्यांनंतर: फ्रंट लोड मशीन, १२०० चा स्पिन आणि सासूबाईंचे पातळ

गेल्या दिवाळीत घेतलेल्या आमच्या सात किलोच्या फ्रंट लोड मशीनला आता अकरा महिने झाले. कपडे स्वच्छ निघतात, पाणी कमी लागते आणि आवाज फारसा होत नाही, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हे लिहायला बसले ते सासूबाईंच्या फिकट जांभळ्या सुती पातळामुळे. श्रावणातल्या एका उघडिपीत ते दोरीवर टाकताना पदराजवळ मोहरीएवढी पाच भोके दिसली. कसर लागली असेल असे सासूबाई म्हणाल्या, पण पंधरा दिवसांत माझ्या नव्या कुर्त्यालाही तशीच दोन भोके पडली, तेव्हा कपाटाला दोष देणे मला पटेना.

माझा सारा रोष स्पिनवर गेला. या मशीनचा कॉटन प्रोग्रॅम लावला की स्पिन, म्हणजे कपडे पिळताना ड्रम फिरण्याचा वेग, आपोआप मिनिटाला १२०० फेऱ्यांवर जातो. आपण तो ६०० वर आणावा, तर पुढच्या वेळी पुन्हा १२०० च असतो. ड्रमचा वेग दुप्पट झाला की कपड्याला ड्रमच्या भिंतीवर दाबणारा जोर चौपट होतो, म्हणजे एक बटण दाबायचे विसरले की विरलेल्या पातळावर चौपट जोर येतो. मशीनने ही एक गोष्ट लक्षात ठेवू नये, याची चीड मला अजूनही येते.

तिसऱ्या फोननंतर सर्व्हिसचा माणूस आला. त्याने रिकामा ड्रम दोनदा फिरवला, "ताई, कापडच जुने आहे," असे सांगितले आणि वॉरंटी असूनही व्हिजिटचे पाचशे रुपये घेतले. नवा कुर्ता दाखवला, तर तो त्याने हातातही घेतला नाही.

उलगडा केला तो शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी. मुलीच्या स्नेहसंमेलनातले नायलॉनचे लांब मोजे त्यांनी मला हातात घालायला लावले आणि ड्रमच्या आतून सावकाश हात फिरवायला सांगितला, कारण बोटांना जे जाणवत नाही ते नायलॉनला अडकते. दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. तिसऱ्या फेरीत, कपडे वर उचलणाऱ्या उंचवट्याच्या अगदी मुळाशी, मोजा खस्कन अडकला. टॉर्च लावून पाहिले तर ब्लाउजचा तुटलेला हूक ड्रमच्या छिद्रात उलटा रुतला होता आणि त्याचे टोक जेमतेम अर्ध्या तांदळाएवढे बाहेर आले होते. चिमट्याने तो काढला.

म्हणून माझे आधीचे मत मला बदलावे लागले: भोके हुकाने पाडली, आणि तो हूक आमच्याच घरातला होता. तरीही स्पिनला मी निर्दोष म्हणणार नाही, कारण ड्रम हळू फिरताना कापड त्या टोकावरून घसरत असे, तर १२०० वर तेच कापड त्यावर दाबून धरले जात असे. आता हूक लावल्याशिवाय एकही ब्लाउज आत जात नाही आणि पातळे जाळीच्या पिशवीतच जातात.

कापड झिजण्याचे बाकीचे कारण घासण्यात आहे. ड्रम ठासून भरला की कपडे एकमेकांना रगडत राहतात आणि मळही निघत नाही, म्हणून वर वीतभर जागा सोडते. एकदाच घातलेल्या कपड्यांना दोन तासांचा कॉटन प्रोग्रॅम न लावता अर्ध्या तासाचा लावते. गडद कुर्ते उलटे करून टाकते, म्हणजे गोळे आणि फिकटपणा आतल्या बाजूला राहतो. रेयॉनच्या कुर्त्यांना मी सर्वांत जास्त जपते, कारण सुती धागा ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, पण रेयॉनचा धागा ओलेपणी बराच कमजोर पडतो. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत नळाचे पाणी कमी पडले की बोअरचे जड पाणी टाकीत येते. त्या दिवशी टॉवेल पापडासारखे कडक होतात, म्हणून एक जादा रिन्स लावावा लागतो.

१२०० चा स्पिन अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नाही. आषाढात गॅलरीत दोन दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा टॉवेल आणि चादरी मी १२०० वरच पिळते. उन्हाळ्यात मात्र नाशिकच्या कोरड्या हवेत ६०० वर पिळलेले पातळ दुपारपर्यंत खडखडीत वाळते, मग तो जोर हवा कशाला?

काकूंनी पातळ रफू करून दिले आहे. त्यानंतर ते सहा वेळा ६०० वर धुतले आणि दर वेळी उजेडात धरून पाहिले, पण नवे भोक पडलेले नाही. नायलॉनचा मोजा मशीनशेजारच्या खुंटीवर टांगला आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो हातात घालून मी ड्रमच्या आतून फिरवते.