चेन गेली की विंडचीटर गेला : बेळगावच्या थंडीत एमटीबीवर (डोंगरवाटांच्या सायकलवर) एक हंगाम वापरल्यानंतर

विंडचीटरचं कापड शाबूत आहे, शिलाई कुठे उसवलेली नाही, मनगटाचं इलॅस्टिक अजून धरून आहे. चेन, म्हणजे पुढची झिप, मात्र जानेवारीतच फाकली. रनर (चेन लावताना ओढतो तो धातूचा तुकडा) गळ्यापर्यंत ओढला की त्याच्या मागे, बरोबर छातीवर, दात सुटतात. उतारावर वारा जिथे थेट आदळतो तीच जागा उघडी पडते. अठराशे रुपयांच्या विंडचीटरला तीन नंबरची बारीक चेन लावलेली आहे, जी शिंप्याच्या सामानाच्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळते. बाकी माल नेहमीचाच : पातळ रिपस्टॉप नायलॉन (फाटलं तरी चीर पुढे पळू न देणाऱ्या विणीचं), पाठीवर जाळी, मुठीत मावेल एवढी घडी. सांगायचंय ते चेनबद्दल, कारण आपल्या भागात या कपड्याचं निम्मं काम चेनच करते.

वापर असा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटेच्या राइड, येळ्ळूरचा राजहंसगड, वैजनाथ-महिपाळगडाचा डोंगर, जांबोटी-कणकुंबीकडचे मातीचे रस्ते, खानापूर भागातल्या गाडीवाटा.

बेळगावची थंडी पहाटेची. डिसेंबर-जानेवारीत दिवस उगवताना पारा १२-१४ अंशांवर असतो, एखाद्या आठवड्यात १० च्याही खाली जातो, आणि दुपारी तोच २८-३० वर. म्हणजे निघताना अंगात जे हवं ते दहा वाजता काढून ठेवता यायला हवं. हवा १० अंशांवर असताना ताशी २५ किलोमीटरने उतरलात तर उघड्या कातडीला ती ७ अंशांसारखी लागते, ४० ने उतरलात तर ६ अंशांसारखी. हे झालं कोरड्या अंगाचं. घामाने भिजलेल्या कपड्यात खरं कापरं भरतं, कारण पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं.

आणि घाम येतोच. पायडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्चतं त्यातली जेमतेम २०-२५ टक्के चाकाकडे जाते, उरलेल्याची उष्णता होते. राजहंसगडाच्या चढावर वेग ताशी आठ-दहा, समोरून वारा नाही, त्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. माथ्यावर पोचेपर्यंत आतला टी-शर्ट ओला, आणि तोच ओला टी-शर्ट घेऊन लगेच उतार. म्हणून जाड जॅकेट इथे उपयोगाचं नाही. पातळ विंडचीटर आणि सतत वर-खाली होणारी चेन, हीच खरी सोय. चेन म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर.

वापरायची पद्धत ठरलेली आहे. चढ लागायच्या आधीच चेन बेंबीपर्यंत खाली. घाम फुटल्यावर उघडून फायदा नाही, तोवर आतलं भिजलेलं असतं. माथा पन्नास-शंभर मीटरवर आला की छातीपर्यंत वर. थांबायच्या आधी पूर्ण बंद, थांबल्यावर नाही, कारण अंग निवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सपाटीला छातीच्या हाडाच्या मध्यावर ठेवली की पुरते. पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय.

आता यात चेनवर काय येतं बघा. एका हाताने, हातमोज्यासकट, दुसरा हात हँडलवर ठेवून ती ओढायची. एका हाताने रनर सरळ ओढला जात नाही, तिरका जातो आणि त्याची एकच बाजू घासते. त्यात आपली तांबडी माती. जांभ्याची धूळ बारीक असते, पण मऊ नसते. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी गाडीवाटांचा भुगा केलेला असतो, आणि पुढच्या चाकाने उडालेली धूळ थेट छातीवर बसते. घामाने ती दातांत चिकटते. प्रत्येक ओढीला रनर आतून घासला जातो. रनर जस्ताच्या मिश्रधातूचा, मऊ. त्यात घामाचं मीठ. हळूहळू त्याच्या दोन पट्ट्यांमधली फट वाढते आणि तो दातांना एकमेकांत दाबून बसवू शकत नाही. चेन फाकते ती अशी. दात बहुतेक वेळा धड असतात, गेलेला असतो तो रनर.

हेच विंडचीटरच्या कंपनीच्या ग्राहकसेवेला लिहून कळवलं. फोटो पाठवले, बिल पाठवलं. उत्तर आलं, चेन हा झिजणारा भाग आहे, हमी फक्त शिलाईची. बरं, पैसे घेऊन बदलून द्या म्हटलं, तर तशी सोय नाही. त्याऐवजी नव्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली. वीस रुपयांच्या तुकड्यासाठी अठराशेचा धड कपडा टाकून दुसरा घ्यायचा, हा हिशोब मला मान्य नाही. झिजणारा भाग आहे हे त्यांना ठाऊक आहे, तर त्याचा सुटा रनर तरी विकायला ठेवायला हवा. सायकलचे ब्रेक पॅड झिजतात म्हणून कोणी सायकल बदला म्हणत नाही.

तेव्हा दुरुस्ती. आधी तात्पुरती. बारीक पक्कड घ्या, रनर चेनच्या तळाशी आणा आणि त्याच्या खालच्या, एकेरी तोंडाच्या बाजूच्या दोन्ही कडा एकेक करून हलक्या दाबा. केसभर दाबायचं, चेन लावून बघायची, गरज पडली तरच परत. एकदम जोर लावला तर रनर तडकतो. दोन-चार आठवडे निभावतात, पण रनर आतून झिजलेलाच असतो, परत फाकणारच.

पक्का इलाज रनर बदलणं. रनरच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, ३ किंवा ५. तोच नंबर हवा. चेन कॉइलची (दातांच्या जागी नायलॉनचं वेटोळं) आहे की प्लास्टिकच्या सुट्या दातांची, तेही बघा. आणि विंडचीटरला बरेचदा उलटी कॉइल असते, म्हणजे बाहेरून पट्टी सपाट दिसते आणि दात आतल्या बाजूला असतात. तिचा रनर वेगळा येतो, साधा बसत नाही. बेळगावच्या खडेबाजारात जाताना जुना रनर काढून सोबतच न्या, तोंडी वर्णनाने चुकीचा हातात पडतो. दहा-पंधरा रुपयांचं काम.

बसवायचं असं. ज्या बाजूला तळाची डबी (दुसऱ्या बाजूचं टोक जिच्यात खोचतो ती) आहे, त्या बाजूचा कॉलरकडचा, रनर अडवणारा छोटा अडसर कटर पक्कडीने उचकटून काढायचा. जुना रनर वर ओढून बाहेर. नव्या रनरला एकीकडे एकेरी आणि एकीकडे दुहेरी तोंड असतं. दुहेरी तोंड कॉलरकडे राहिलं पाहिजे. चेनच्या त्या बाजूच्या पट्टीचं वरचं टोक एकेरी तोंडातून आत घालायचं, दुहेरी तोंडातल्या त्याच बाजूच्या फटीतून बाहेर काढायचं आणि रनर खाली डबीपर्यंत सरकवायचा. टोक विस्कटलं असेल तर आधी मेणबत्तीवर क्षणभर धरून कडक करून घ्या, ज्योतीत घालू नका. शेवटी अडसराच्या जागी पॉलिस्टर दोऱ्याचे पाच-सहा घट्ट वेढे. ते घालायचे विसरलात तर रनर हातात येईल.

नवा रनरही याच मातीत झिजणार हे उघड आहे, म्हणून पूर्ण चेनच पाच नंबरची करून घेतली. चेन आणि शिलाई मिळून दीडशेच्या आत. शिंप्याला तीन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. पँटच्या कामाची १६ नंबरची सुई या कापडाला मोठी भोकं पाडते. ११ ची सुई लावायला सांगा. टाचण्या टोचू नका, चिमट्यांनी धरा, कारण टाचणीचं भोक या कापडात बुजत नाही. आणि खाली पातळ कागद घालून शिवा, नाहीतर कापड चुणतं आणि चेन नागमोडी होते. चेनच्या मागची, वारा अडवणारी पट्टी दातांपासून पाच-सहा मिलिमीटर मागे शिवून घ्या, म्हणजे ती रनरमध्ये अडकणार नाही. तोटा एकच : पाच नंबरची चेन ताठ असते, वाकून बसलं की पोटाशी फुगते आणि हनुवटीला टोचते. गळ्याशी कापडाची छोटी टोपी शिवली की टोचणं थांबतं.

चेन बदलल्यावर माझं मत बरंच बदललं, ते इथेच नोंदवतो. जानेवारीत पाचपैकी दोन तारे दिले असते, आज चार देतो. कापड खरोखर उत्तम आहे. उतारावर वारा आत येत नाही आणि चढावर पाठीच्या जाळीतून वाफ निघून जाते. जाळी म्हणजे दाखवायची गोष्ट, असं सुरुवातीला वाटायचं. पण पाठीवर सॅक नसेल तर फरक स्पष्ट कळतो. सॅक असेल तर जाळी झाकली जाते आणि तिचा उपयोग शून्य. पाण्याची बाटली फ्रेमवर, ट्यूब-पंप सीटखालच्या पिशवीत आणि पाठ मोकळी, हीच मांडणी चांगली.

आत काय घालायचं यावर फार खर्च करू नका. सुती बनियन सोडून काहीही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. गल्लीतल्या टुर्नामेंटचा पॉलिस्टर टी-शर्ट चालतो, फक्त अंगाला लागून बसणारा हवा; ढगळा असेल तर घाम कातडीवरच राहतो. पारा १० च्या खाली गेला तर पातळ लोकर सगळ्यात चांगली, ती ओली असतानाही ऊब देते. बाजारात शंभर-दीडशेला मिळणाऱ्या उन्हाच्या नायलॉन बाह्या थंडीत घालू नका. त्या गारव्यासाठीच बनवलेल्या असतात, ओल्या झाल्या की हात गारठतात. आतून लव असलेल्या बाह्या घ्या, नऊ वाजता उतरवून खिशात टाकता येतात.

गुडघे झाका. १५ अंशांच्या खाली उघडे गुडघे घेऊन चढावर जोर लावणं चांगलं नाही. जुन्या ट्रॅक पँटचा पाय कापून, वर इलॅस्टिक घालून गुडघापट्टी होते. ढगळ ट्रॅक पँट तशीच घातली तर उजवा पाय चेनरिंगमध्ये (पायडलजवळच्या दातेरी चक्रात) सापडतो.

हातमोज्यांत जाडीच्या मागे लागू नका. बोटं ब्रेक लिव्हरवर असतात, जाड मोज्यात लिव्हर किती दाबला ते कळत नाही. पातळ, पूर्ण बोटांचे, पाठीला वारा अडवणारं कापड असलेले घ्या. हार्डवेअरच्या दुकानातले साठ-सत्तर रुपयांचे पीयू कोटेड (तळव्याला प्लास्टिकसारखा लेप असलेले) मोजे तळहाताला पकड छान देतात, पण पाठ विणलेली असल्याने उतारावर बोटं बधिर होतात. सपाटीला पुरेसे आहेत.

माकडटोपी हेल्मेटखाली नको. हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा नीट बसत नाही. कानांवर पातळ पट्टी पुरते. बुटांची पुढची जाळी बाहेरून रुंद चिकटपट्टीने झाका. पहाटेच्या गवतातलं दव आणि वारा दोन्ही अडतं, आणि बोटं शाबूत राहतात.

वाटेत चेन फाकलीच तर जांबोटीच्या एखाद्या चहाच्या टपरीवरून कालचा पेपर मागून घ्या. दुहेरी घडी करून टी-शर्ट आणि विंडचीटरच्या मध्ये छातीवर सरकवा. युरोपातले शर्यतवाले घाटमाथ्यावर हेच करत आले आहेत. वरून सेफ्टी पिना लावायच्या तर त्या चेनच्या पट्टीतून लावा, कापडातून नाही.

देखभाल रोजची नाही, पण चुकवू नका. धुताना चेन बंद ठेवा. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात दात घासा, रनर आतूनही, आणि पूर्ण वाळू द्या. मग साधी मेणबत्ती दातांवर दोनदा फिरवा, रनर वर-खाली करा आणि उरलेलं मेण कापडाने पुसा. खोबरेल लावू नका, त्याला धूळ चिकटते, आणि २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे पहाटे चेन आणखी जड. कपडे मऊ करणारं द्रावण टाळा. त्याने कापडावरचा पाणी झटकणारा थर निकामी होतो.

नवा घेणार असाल तर दुकानातच रनरच्या पाठीवरचा नंबर वाचा. चेन लावून छातीवर दोन्ही हातांनी आडवी ताणा, दातांत फट दिसली की परत ठेवा. हातमोजा घालून एका हाताने ओढून बघा. रनरला बोटाएवढी दोरी नसेल तर घरी नाडी बांधा.

माझ्या विंडचीटरच्या मागच्या खिशाची चेन अजून मूळचीच, तीन नंबरची आहे. ती बदलणार नाही. तो खिसा चालत्या सायकलवर उघडावा लागत नाही.