ॲश म्हणून बकाण निंब गळ्यात मारला, 22,000 गेले

ऐरोलीत आमच्या रो-हाऊसपुढे थोडी मोकळी जागा आहे. मुलगी अमेरिकेत ओहायोत राहते. तिच्या दारचं ॲशचं झाड शरदात जांभळट-तांबूस व्हायचं. तसं झाड आपल्याकडे असावं, एवढीच हौस. जाहिरात बघून फोन केला, माणूस घरीच आला. चार रोपं, 3,500 ला एक, म्हणजे 14,000. टेम्पोचे 1,200 वेगळे. ॲशला थंडी लागते, हिमालयात अंगू म्हणतात ते याच कुळातलं, हे मला ठाऊक होतं. पण "कोकणच्या हवेत तयार केलेली रोपं आहेत" म्हणाला आणि मी मान डोलावली.

दोन महिन्यांनी "पाहणीला" आला. "ताई, खोडाला बोअर लागलाय. इंजेक्शन नाही दिलं तर चारही जातील." मी घाबरले, आणि का घाबरू नये? बोअर म्हणजे ॲश पोखरणारा हिरवा किडा. तो 2002 मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे कोट्यवधी ॲश त्याने मारले. मुलीच्या गल्लीतले सगळे त्यापायीच तोडले. दिले 6,800.

तिथेच कळायला हवं होतं. तो किडा बाहेर पडताना साल पोखरतो, ते भोक इंग्रजी डी अक्षरासारखं असतं. मुलीने पाठवलेला फोटो माझ्याच फोनमध्ये होता! माझ्या खोडावरची भोकं गोल गरगरीत, आणि खालच्या पानावर पांढरा ताजा भुसा. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्याने ड्रिल मारलं. अंगठ्याएवढ्या खोडाला इंजेक्शन कसलं, हा प्रश्न मला रात्री पडला.

सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि बघताक्षणी म्हणाल्या, "अगं, हा तर बकाण निंब. बांधावर आपोआप उगवतो." ॲशची पानं फांदीवर समोरासमोर येतात, याची एकाआड एक. पैसे देण्याआधी फांदी बघा.

चौकीत गेले तर, "झाडं जिवंत आहेत ना, मग फसवणूक कसली?" उद्यान विभागात म्हणे, "तोडायचं असेल तर अर्ज करा." अहो, मला तोडायचं नाहीये, चोर पकडायचाय! तीन खेपा, प्रत्येक वेळी वेगळा साहेब, तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळीकडे एकच प्रश्न: बिल कुठंय? बिल नव्हतंच. तुम्ही पक्कं बिल घ्या, त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

त्याचा नंबर बंद आहे. कोपरखैरणेकडे फिरताना दिसला म्हणतात. तुमच्याकडे आला तर त्याला झाडापाशी एकटं सोडू नका.