२०० तासांचा निवासी योग टीचर कोर्स, जायच्या आधी वाचा
संभाजीनगरजवळ एका आश्रमात केला. नुसती आसनं शिकवतेत असं समजून जाऊ नका, पहाटे उठून मीठ टाकलेल्या कोमट पाण्याची जलनेती, एका नाकपुडीतून घालायचं दुसरीतून काढायचं, सुरुवातीला डोळ्यातनं पाणी येतं बगा, मग प्राणायाम, आसनं, दुपारी शरीररचना आन पतंजलीची सूत्रं, तवा लई झोप यायली. शिकवणारे मात्र एक नंबर, समोरच्याचा गुडघा कुठं चुकायला ते लांबून ओळखतेत. जेवण सात्विक, कांदा-लसूण बंद, आता ठेच्याबिगर भाकर कशी खायची तुमीच सांगा. एवढी फी घेऊन खोलीत कूलर नाही, हे पटलं नाही. सर्टिफिकेट कोणाचं ते आधी विचारा, योगा अलायन्सचं असलं तर ती अमेरिकेतली संस्था आहे, आपल्या सरकारच्या आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा वेगळी द्यावी लागते.