कमी खर्चात जड केलेली बॉक्सिंग बॅग: होळी ते दिवाळी वापरून आलेला अनुभव

माझी बॅग चार फुटी, बारा इंच व्यासाची, भरलेलीच विकत घेतली होती. आली तेव्हा भरली २२ किलो. माझं वजन सत्तरच्या पुढे. बॅग आपल्या वजनाच्या साधारण निम्मी असावी, असा बॉक्सिंग शिकवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. माझी त्याहून बरीच हलकी. त्यामुळे जॅब-क्रॉस (पुढच्या आणि मग मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारला की ही बाई जाते थेट भिंतीपाशी आणि मी उभी राहते तिच्या परतण्याची वाट बघत. कॉम्बिनेशन, म्हणजे लागोपाठच्या ठोशांची जोडणी, जमणार कशी? नवीन जड बॅग घ्यायची तर खर्च कितीतरी वाढत होता, म्हणून हीच जड करायची ठरवली. आज ती ३८ किलोची आहे आणि सगळा खर्च हजाराच्या आत बसला.

वजन वाढवायचं म्हटलं की सगळे आधी वाळू सुचवतात. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या वर भरते, दाबलेलं कापड त्याच्या पावपटच. त्यामुळे मोह होणारच. पण सुटी वाळू बॅगेत ओतली की ती चिंध्यांमधून झिरपत तळाला जाते आणि खालचा फूटभर भाग सिमेंटच्या गोणीसारखा घट्ट होतो. तिथे हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) बसला तर मनगटाचं काही खरं नाही. माझं ठाम मत असं की वजन आधी कापडानेच वाढवावं, आणि उरलेल्या वजनापुरतीच वाळू घ्यावी, तीही बंद पुड्यांमध्ये, बॅगेच्या अगदी मधोमध.

कापडाला पैसे लागले नाहीत. ऐरोलीत आमच्या सेक्टरमधल्या टेलरकाकांकडे कात्रणांची पोती पडलेली असतात. ऑफिसातली एक मैत्रीण उल्हासनगरहून येते, तिच्या शेजारी जीन्सचा कारखाना आहे, तिने डेनिमच्या कात्रणांची एक गोणी आणून दिली. डेनिम या कामाला फार उत्तम, जड आणि चिवट. घरातल्या जुन्या चादरीही त्यात गेल्या, बोहारणीला यंदा काहीच मिळालं नाही. जुने कपडे घालणार असाल तर बटणं, हूक, चेन, जीन्सचे पितळी रिव्हेट सगळं कापून काढा. त्या कामाला एक आख्खी दुपार लागते, पण तिथे कंटाळा करू नका. आतलं एक बटण नेमकं बोटाच्या सांध्याखाली येतं.

वाळू शेजारच्या घरदुरुस्तीतली उरलेली, मागून घेतली. चाळून खडे काढले आणि गच्चीवर प्लास्टिकवर पसरून मार्चच्या उन्हात चांगली वाळवली. ओली वाळू आत गेली तर पुढचं सगळं वाया. मग दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या धुऊन, सुकवून, प्रत्येकीत सहाशे ग्रॅमच्या आसपास वाळू भरली. तोंड दुमडून टेप, वरून दुसरी पिशवी, पुन्हा टेप. अशा दहा पुड्या, म्हणजे सहा किलो. पुडी गच्च भरू नका, थोडी सैल राहिली तर ठोसा बसल्यावर फुटत नाही.

आता भरण्याची पद्धत, कारण सगळा खेळ तिथेच आहे. बॅग पूर्ण रिकामी केली. तळाला वीतभर फक्त कापड, दाबून. त्यावर मधोमध चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा धरला (प्लंबरकडे असे तुकडे पडून असतात). पाइपच्या बाहेर चारही बाजूंनी कात्रणं आडवी पसरायची आणि लाकडी दांड्याने ठोकून बसवायची. कापडाचे बोळे करून कोंबले तर बॅगेला गाठी येतात. पाइपच्या आत एक पुडी, मग कापड, मग पुडी. थर वर आला की पाइप थोडा वर ओढायचा. याने वाळू मधे अडकून राहते आणि तिच्याभोवती सगळीकडून चार इंच कापड मिळतं. वरचा वीतभर भाग पुन्हा निव्वळ कापड. दर काही थरांनी सामान तोलायच्या टांगत्या काट्यावर वजन बघत गेले. जुनं-नवं मिळून कापडच ३० किलोच्या वर गेलं होतं.

वजन वाढवण्याआधी पट्ट्यांची शिवण मात्र नक्की तपासा. स्वस्त बॅगेचे पट्टे तिच्या मूळ वजनाच्या हिशोबाने शिवलेले असतात. चपला शिवणाऱ्या काकांकडून मी चारही पट्ट्यांना जाड नायलॉनची दुहेरी शिवण मारून घेतली. माझा खरा खर्च तो, शिवाय बॅग टांगायची स्प्रिंग आणि नवी कडी. आमचं सिडकोचं रो-हाऊस आहे, हूक आरसीसी स्लॅबमध्ये, चार १२ मिलिमीटरच्या अँकर फास्टनरवर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) बसवलेला आहे. झुलणारी बॅग हुकाला स्वतःच्या वजनापेक्षा जास्त हिसका देते, त्यामुळे फॉल्स सीलिंग किंवा विटांच्या भिंतीवर हा प्रयोग करूच नका. स्प्रिंगमुळे शेजारच्या काकूंच्या भिंतीला जाणारा हादराही पुष्कळ कमी झाला.

फरक काय पडला? त्याच जोराच्या ठोशाला झोका जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. तीन-चार ठोशांची जोडणी आता एका जागी उभं राहून पुरी होते, आणि पाय टाकून अंतर सांभाळायचा खरा सराव होतो. झोक्याची लय मात्र वजनाने बदलत नाही, ती टांगण्याच्या लांबीवर ठरते. मी साखळीच्या दोन कड्या कमी केल्या, तेव्हा बॅग जरा लवकर परत यायला लागली. दादाचा मुलगा शाळेच्या सुट्टीत आला होता. पहिला ठोसा मारून म्हणाला, "आत्या, आत दगड तर नाहीत ना?" मग वर-खाली सगळीकडे मारून बघितलं त्याने, कुठेच टणक लागली नाही. तरी त्याच्या वजनाला ही बॅग जडच आहे, म्हणून त्याला हाताला पट्टी गुंडाळून, जाड ग्लोव्हज घालून हलक्या हातानेच मारू देते.

पावसाळा ही खरी परीक्षा होती. आपल्याकडची दमट हवा कापडाला सोडत नाही. जुलैत झिप उघडली तेव्हा वरच्या थराला कुबट वास होता. तेवढं कापड काढून, इस्त्री फिरवून, सुकवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह परत भरलं. व्यायाम झाला की बॅग कोरड्या फडक्याने पुसते आणि खोलीत पंखा चालू ठेवते. पुड्या कोरड्या होत्या, एकही फुटली नव्हती.

कापड बसतंच, ते मान्य करायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत वर तीन-चार बोटं जागा झाली, तिथे पुन्हा डेनिम कोंबलं. मधे एकदा बॅग खाली उतरवून जमिनीवर लोळवली आणि सगळीकडून ठोकून सारखी केली. आता महिन्याला मूठभर भर पुरते.

धान्य किंवा भुसा भरायच्या भानगडीत पडू नका, किडे, उंदीर आणि ओल तिन्ही येतात. लोखंडी वजनं तर नकोच, आत सरकली की हाडाशी गाठ. ज्यांचं वजन पंचावन्न-साठच्या आत आहे त्यांनी वाळू न घालता फक्त डेनिमवर थांबावं, तेवढ्याने बॅग ३० किलोच्या आसपास सहज जाते.