प्लेटलेटचा विकार असताना उंचीवर: गाडीने की पायी?

प्लेटलेटची संख्या साधारणपणे दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असते. आयटीपीमध्ये, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनियात, ती घटते आणि भीती रक्तस्रावाची असते. ईटीमध्ये, म्हणजे इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियात, ती वाढते आणि भीती मुख्यतः गुठळीची असते. म्हणून दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

आयटीपी असेल तर गाडीरस्ता बरा. ट्रेकमध्ये विरळ हवेइतकाच धोका घसरून पडण्याचा असतो. संख्या 30,000 च्या खाली असेल, तर डोक्याला मार बसू शकेल अशी वाट नकोच. 5,000 मीटरच्या वर धडधाकट माणसाच्याही डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. तिथला ट्रेक आकडा बरा असला तरी आम्ही सुचवणार नाही.

ईटीमध्ये चित्र बदलतं. इथे चालण्यापेक्षा तासन्‌तास बसून राहणं वाईट. कोरड्या हवेत धाप लागते, लघवी वाढते, अंगातलं पाणी घटून रक्त दाटतं. सावकाश चढणारा ट्रेक, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन न चुकवणं, एवढं जमत असेल तर पायी जाण्याला आमचा विरोध नाही. पूर्वी गुठळी झालेली असेल तर मात्र रक्तविकारतज्ज्ञाचा होकार हवाच. गाडीने गेलात तर दर दीड-दोन तासांनी उतरून चाला.

गाडीचा दोष दोघांनाही भोवतो: ती एका दुपारीत फार वर नेते. 3,000 मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

औषधांतही फरक आहे. डोकेदुखीवर आयबुप्रोफेन आयटीपीत टाळा, कारण ते उरलेल्या प्लेटलेटचंही काम मंदावतं. ईटीत ते अ‍ॅस्पिरिनच्या आड येतं. दोघांनाही पॅरासिटामॉल बरं. उंचीच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या अ‍ॅसिटाझोलामाइडने क्वचित प्लेटलेट घटतात, तेव्हा आयटीपीवाल्यांनी ते विचारूनच घ्यावं. आयटीपीत प्लेटलेट वाढवणारं एल्ट्रॉम्बोपॅग दूध, कॅल्शियम किंवा अँटासिडच्या 2 तास आधी किंवा 4 तासांनी घ्या. ईटीवरच्या अ‍ॅनाग्रेलाइडने डोकं दुखतं, धडधड होते. ती उंचीची लक्षणं वाटू शकतात. म्हणून ते नुकतंच सुरू केलं असेल तर सहल पुढे ढकला.

शेवटी नकाशावर बघा, सीटी स्कॅन आणि रक्तपेढी असलेलं रुग्णालय किती तासांवर आहे. प्रचंड डोकेदुखी, तोल जाणं, बोलण्यात अडखळणं दिसलं तर लगेच उतरा, आणि खाली बरं वाटलं तरी स्कॅन करून घ्या.