बाथरूम फोडण्याआधी ठरवा: डेब्रिज ठेकेदाराच्या टेम्पोत की पालिकेच्या गाडीत?

मुंबईत घराचं काम काढलं की ठेकेदार हमखास म्हणतो, "डेब्रिजचं टेन्शन घेऊ नका, आपला टेम्पो आहे." मीही घेतलं नव्हतं. महिन्याभराने खाडीकाठच्या रस्त्याने जाताना तिवरांच्या मुळांशी आमच्याच बाथरूमच्या निळ्या फुलांच्या टाइल्स पडलेल्या दिसल्या. फार लागलं मनाला.

टेम्पोची सोय मोठी आहे, हे मान्य. संध्याकाळी फोन केला की रात्री माल उचलला, आणि फुटका कमोड, प्लायवूड, रंगाचे डबे सगळं एकत्र चालतं. पण तो माल पुढे कुठे रिकामा होतो, ते कुणी सांगत नाही.

पालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा 500 किलोपर्यंत मोफत आहे, त्यावर टनामागे साधारण 1400 रुपये. माल दहिसरच्या कोकणीपाड्याला किंवा शीळफाट्याजवळ डायघरला जातो. या दोन्ही प्रकल्पांची क्षमता रोज प्रत्येकी 600 टनांची आहे. तिथे विटा-काँक्रीट दळून पुन्हा बांधकामाला वापरता येईल असा माल बनतो. कुर्ला, महालक्ष्मीची कचरा हस्तांतरण केंद्रं वेगळी. तिथे वॉर्डातल्या छोट्या गाड्यांमधला घरगुती कचरा मोठ्या गाड्यांत चढतो. त्यामुळे रोजच्या घंटागाडीत डेब्रिज ढकलू नका.

500 किलो ऐकायला भरपूर वाटतं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तुकडे भरले की एक गोणी चाळीसेक किलोची होते, म्हणजे बारा गोण्या. चार बाय सातच्या बाथरूमच्या भिंती सात फुटांपर्यंत सोलल्या, तर टाइल्स आणि मागचा मसाला मिळून पाऊण टनाच्या पुढे सहज जातो. पावसात भिजल्या तर गोण्या आणखी जड, म्हणून ताडपत्री हवीच. लाकूड, लोखंड, नळ आधी भंगारवाल्याला द्या. पालिकेला फक्त विटा, टाइल्स, काँक्रीट, माती.

पालिकेच्या सेवेत खरी अडचण जागेची. गाडी येईपर्यंत गोण्या कंपाउंडमध्ये राहणार, आणि सेक्रेटरी कटकट करणारच. तेव्हा भिंतीला हातोडा लावण्याआधी त्यांच्याकडून चार दिवसांची जागा लेखी मागा. मिळाली तर दुसरा विचार करू नका, पालिकेलाच बोलवा. नाहीच मिळाली तर टेम्पो घ्या, पण माल कुठे उतरवला त्याची वजनकाट्याची पावती हातात पडेपर्यंत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता सोडू नका.