रेट्रोशीट: न्यूयॉर्क जायंट्सचा १९५१ चा अख्खा सीझन, फुकटात

आधीच सांगतो, दिसायला ही जुन्या बेसबॉल मॅचेसची साइट अगदी साधी आहे. पांढरं पान, निळ्या लिंका आणि आकड्यांचे रकाने, बाकी काही नाही, फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत. नुसती जमाखर्चाची वही उघडून बसल्यासारखं वाटतं. पण एकदा का १९५१ चा नॅशनल लीगचा (अमेरिकन बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सीझन उघडून एप्रिलपासून खाली वाचत गेलात ना, की रात्रीचे दोन कधी वाजले कळत नाही, त्यामुळे आपल्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ही साइट कुठल्या कंपनीची नाही. डेव्हिड स्मिथ नावाच्या एका बायॉलॉजीच्या प्राध्यापकाने १९८९ मध्ये हा उद्योग सुरू केला, उद्देश एवढाच की जुन्या मॅचेसची स्कोअरशीट्स जिथे जिथे पडून असतील, टीमच्या ऑफिसात, पत्रकारांच्या कपाटात, तिथून गोळा करायची, कॉम्प्युटरवर चढवायची आणि सगळ्यांना फुकट द्यायची. काम करणारे सगळे हौशी लोक. जिथे स्कोअरशीट मिळालंच नाही तिथे त्या दिवशीच्या पेपरांतल्या बातम्या जुळवून मॅच पुन्हा उभी केलीय, आणि तसं केलंय हे स्पष्ट लिहितात, हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. बेसबॉल रेफरन्स ही जास्त गाजलेली साइट आहे ना, तिच्यावरचे जुने बॉक्स स्कोअर, म्हणजे बेसबॉलची स्कोअरकार्डं, तीसुद्धा इथूनच गेलेत.

इथे मॅचमधला एकेक खेळ ओळीने वाचता येतो, आणि आपण क्रिकेटवाले असल्यामुळे जीव जळतो तो इथेच. त्याच हिवाळ्यात इंग्लंडची टीम भारतात होती, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला आपण आपली पहिलीवहिली टेस्ट जिंकलो, विनू मांकडने मॅचमध्ये १२ विकेट काढल्या, त्यातल्या पहिल्या डावात ५५ रनांत ८. स्कोअरकार्ड मिळतं, पण कोणती विकेट कशानंतर पडली, कोण किती वेळ अडकून बसला होता, हे एका क्लिकवर बघायला मिळालं असतं तर? असो.

आता जायंट्स. मॅनेजर लिओ डुरोशर, मैदान पोलो ग्राउंड्स, म्हणजे मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला एक विचित्र लांबुडकं स्टेडियम. डावीकडची सीमा २७९ फूट, उजवीकडची २५८ आणि समोर सेंटरला मात्र ४८० फुटांच्या आसपास. सुरुवात इतकी वाईट की ओळीने ११ मॅच हरून टीम २ विजय १२ पराभव अशी तळाला. मे महिन्याच्या २५ तारखेला मिनियापोलिसच्या दुय्यम टीममधून एका २० वर्षांच्या पोराला बोलावलं, तिथे तो .४७७ च्या अ‍ॅव्हरेजने ठोकत होता, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या वेळी हिट. विली मेज. साइटवर प्रत्येक खेळाडूचं रोजच्या रोजचं पान आहे, मेजचं उघडा: पहिल्या १२ वेळा शून्य, मग वॉरन स्पानसारख्या दादा पिचरला (म्हणजे आपला बोलर) होमरन (म्हणजे आपल्या सिक्सरसारखा फटका), मग पुन्हा दुष्काळ. २६ पैकी १. पोरगा क्लबहाउसमध्ये रडत बसला होता आणि डुरोशरने त्याला सांगितलं की तूच माझा सेंटर फील्डर, हे सगळं आपण ऐकलेलं असतं, पण ते शून्य शून्य शून्य एकाखाली एक बघताना पोटात खड्डा पडतो. शेवटी २० होमरन आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांतला सर्वोत्तम.

सगळ्यात भारी सोय म्हणजे कुठल्याही तारखेचं पॉइंट्स टेबल. ११ ऑगस्ट १९५१ टाका. ब्रुकलिन डॉजर्स वर, जायंट्स १३ गेम मागे. १३! १५४ मॅचच्या सीझनमध्ये ऑगस्टच्या मध्याला असं टेबल बघून कुणीही म्हणेल झालं, गुंडाळा. आता एकेक तारीख पुढे सरकवत जा. १२ ते २७ ऑगस्ट सलग १६ विजय. शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकल्या. सॅल मॅग्ली आणि लॅरी जॅन्सन हे पिचर, दोघांचे प्रत्येकी २३ विजय. माँटी अर्विनचे १२१ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटमुळे घरी आलेले रन, लीगमध्ये सगळ्यात जास्त. लोक बॉबी थॉमसनच्या एका फटक्याबद्दल बोलतात पण हा सीझन अर्विनने खांद्यावर वाहिलाय, हे माझं स्पष्ट मत. (अर्विन आधी नेग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, न्यूअर्क ईगल्सकडून खेळायचा, त्या लीगचे बॉक्स स्कोअरही आता या साइटवर आहेत, तो वेगळाच खजिना.)

सीझन संपताना जायंट्स आणि डॉजर्सची बरोबरी झाली म्हणून पहिलं कोण ते ठरवायला तीन मॅचचा प्लेऑफ. पहिली जायंट्सने ब्रुकलिनला जाऊन ३-१ जिंकली, दुसरी पोलो ग्राउंड्सवर १०-० हरले, आणि मग ३ ऑक्टोबर. शेवटच्या इनिंगला डॉजर्स ४-१ पुढे, बॅटिंग जायंट्सची. पान उघडा आणि खालची ओळ झाकून एकेक वाचा: डार्क सिंगल (फटका मारून पहिल्या बेसपर्यंत), म्युलर सिंगल, अर्विन आउट, लॉकमन डबल (दुसऱ्या बेसपर्यंत), ४-२. इथे एक छोटीशी नोंद आहे, म्युलरच्या जागी हार्टुंग धावायला आला. मग डॉजर्सनी पिचर बदलला, न्यूकम गेला, राल्फ ब्रँका आला, पाठीवर नंबर १३. पुढची ओळ थॉमसनचा होमरन, ५-४. रेडिओवर समालोचक रस हॉजेस ओरडतच सुटला तो हाच क्षण.

तर अर्धा स्टार यासाठी कापला. वहीत जे घडलं ते सगळं आहे, का घडलं ते नाही. म्युलरचा घोटा थर्ड बेसवर मुरगळला, स्ट्रेचरवरून नेला, ते तुम्हाला बाहेरूनच माहीत असावं लागतं. माहीत असेल तर मजा बघा, दुसऱ्या दिवशी यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजची, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेची, पहिली मॅच, म्युलरच्या जागी राइट फील्डला हँक थॉम्पसन, सेंटरला मेज, लेफ्टला अर्विन. वर्ल्ड सिरीजमधलं पहिलं संपूर्ण कृष्णवर्णीय आउटफिल्ड, आणि ते एका घोट्यापायी. सिरीज मात्र ४-२ हरले.

आणि दुसरी गोष्ट तर मोठीच. २००१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की त्या उन्हाळ्यात जायंट्सवाले सेंटर फील्डमागच्या क्लबहाउसमधून टेलिस्कोप लावून कॅचरच्या खुणा चोरत होते आणि बझरच्या तारेने बुलपेनला (राखीव पिचर बसतात ती जागा) कळवत होते. म्हणजे कोणता बॉल येणार ते बॅटरला आधीच कळायचं. त्या होमरनच्या बॉलची खूण आधी मिळाली होती का, याला थॉमसन शेवटपर्यंत नाही म्हणाला. चोरी ती चोरीच, बाजू घेत नाही. पण ज्यांना वाटतं सगळा सीझनच टेलिस्कोपने जिंकला त्यांनी ही पानं जरा निवांत वाचावीत. टेलिस्कोप फक्त पोलो ग्राउंड्सवर होता ना? मग १०-० चा मार कुठे खाल्ला, तिथेच. ३-१ ची मॅच ब्रुकलिनला. सीझनची शेवटची, जी जिंकली नसती तर प्लेऑफच नव्हता, ती बॉस्टनला ३-२. आणि बॅटरला बॉल कळला तरी मॅग्लीच्या पिचिंगला टेलिस्कोप काय मदत करणार. हे सगळं तपासायला आधी जुन्या पेपरांच्या फायली चाळायला लागल्या असत्या, आता चहा पीत पीत होतं.

नवख्यांसाठी एक टीप. सगळ्या मॅचेसच्या कच्च्या फायलीही फुकट डाउनलोड होतात पण त्या कोडमध्ये आहेत, के म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), डब्ल्यू म्हणजे वॉक (चार वाइड बॉलवर फुकटचा पहिला बेस), आणि फील्डरना १ ते ९ नंबर, म्हणजे ६३ दिसलं की शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्ट बेसला फेकला. प्रोग्रॅमिंग येत असेल तरच त्या वाटेला जा. बाकीच्यांनी सरळ मॅचची पानं वाचावीत, आणि मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर, कारण रकाने रुंद आहेत.

आणि सुरुवात ३ ऑक्टोबरपासून करू नका, ती सगळेच करतात. ३० सप्टेंबरचं फिलाडेल्फियाचं पान काढा, डॉजर्सचं. जायंट्स तिकडे जिंकून मोकळे झालेले, ही मॅच हरले तर ब्रुकलिनचा खेळ खलास, आणि तिसऱ्या इनिंगपर्यंत ६-१ मागे. तिथून ८-८. बाराव्या इनिंगला फिलीजचे (फिलाडेल्फियाची टीम) तिन्ही बेस भरलेले, दोन आउट, त्यांच्या वेटकसने सणसणीत मारलेला बॉल डॉजर्सच्या सेकंड बेसमनने झेलला, इतकंच लिहिलंय. तो सेकंड बेसमन जॅकी रॉबिन्सन, झेप घेऊन पडला तो कोपर पोटात घुसून बराच वेळ उठलाच नाही. चौदाव्याला त्यानेच फिलीजच्या पिचर रॉबिन रॉबर्ट्सला होमरन मारला, ९-८. हे वाचून झालं की मग १ ऑक्टोबर उघडा.